तेवीस आऱ्यांची चौकट

त्रिंबकनं कंपनीतून पहिली फळी आणली, त्या दिवशी बानाबाईनं ती नाकाशी धरली आणि चुलीवरचं पिठलं करपवलं. फळी पिवळसर होती, हलकी, नखानं ओरखडा उठेल इतकी मऊ. तिचा वास कडुलिंबाचा नव्हता आणि बाभळीचाही नव्हता. थोडा कापराचा, थोडा डिंकाचा, आणि त्याच्या मागं आणखी काहीतरी होतं, त्याला बानाबाईजवळ नाव नव्हतं.

“कोनचं झाड हे?”

“मला काय ठाऊक. जर्मनीहून मशीन आली, तिच्या पेटीचं हाय. सायब म्हनला, फोडून न्या.”

“तिकडं मेंढरं असत्यात का?”

“कुठं?”

“ह्या झाडाखाली.”

त्रिंबक हात धुवायला गेला. बायकोला असले प्रश्न पडतात हे त्याला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. उत्तर द्यायच्या भानगडीत तो पडत नसे आणि त्यामुळं दोघांचं बरं चाललं होतं.

पैठण रस्त्यावर चितेगावच्या अलीकडं या मेंढपाळ कुटुंबानं जागेचा एक तुकडा घेतला होता. दोन वर्षं माळावर गवत उगवलं नाही, तेव्हा मेंढरं विकली. म्हाताऱ्या सासऱ्यापाशी, आप्पापाशी, सात राहिली. त्रिंबक चितेगावच्या एका कंपनीत हमालीला लागला. यंत्रं उतरवायची, पेट्या फोडायच्या, खिळे उपसायचे. संध्याकाळी सायकलला बांधून चार फळ्या घरी यायच्या. घर म्हणजे अजून चार मातीच्या भिंती आणि वर पत्रे. पण बानाबाईच्या मनात ते केव्हाच पुरं झालं होतं. ती पालात जन्मली आणि पालातच नांदायला आली. आज इथं, उद्या तिथं. बत्तीस वर्षांत तिनं एकदाही स्वतःच्या घराचं दार लावलं नव्हतं. कडी घालताना आवाज कसा येतो, ते तिनं दुसऱ्यांच्या ओसरीवर लोकर विकताना ऐकलं होतं. तिला तो आवाज हवा होता. बाकी तिचं मागणं काहीच नव्हतं.

फळ्यांचं तिनं सोनं केलं. खिडक्या झाल्या, मांडणी झाली, आप्पाला खाट झाली. उरलेल्या फळ्या तिनं आतल्या भिंतीला उभ्या ठोकून घेतल्या. फळ्यांवर काळ्या रंगात परक्या मुलखाची अक्षरं होती आणि चित्रं होती. एक पेला, एक छत्री, वर तोंड केलेले दोन बाण.

“छत्री म्हंजे भिजू देऊ नका,” त्रिंबकनं एकदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघतो तर पत्रा जिथं गळत होता, बरोबर त्याच्या खाली छत्रीची फळी. पेल्याची फळी पाण्याच्या माठामागं. बाणांची फळी मात्र तिला कुठं लावावी ते सुचेना. ती दुपारभर ती फळी मांडीवर घेऊन बसली होती.

“ह्या बाईला घरात ठिवावं का कंपनीत?” आप्पा म्हणाला. सुनेचं कौतुक करायची त्याची तीच रीत होती.

दुपारी वारा पडला की फळ्यांना उन्हानं डिंक सुटायचा. घरभर तो वास दाटायचा. बानाबाई भिंतीला पाठ लावून बसायची आणि तिच्यासमोरून मेंढरं जायची. विकलेली सगळी. लाल्या, कानतुटी, तीन पायांवर उड्या मारत जाणारी शेवंता. उंच सरळ झाडांखालून ती निवांत जायची आणि त्यांच्या खुरांचा आवाज होत नसे. बानाबाई झोपेत नसायची. बाहेर आप्पाचा खोकला ऐकू यायचा, रस्त्यावरचे ट्रक ऐकू यायचे, तरी मेंढरं चालत राहायची.

“बानाबाई, चिखल वाळू ऱ्हायला,” बाहेरून भामाबाईची हाक आली की मग सगळं मोडायचं.

भामाबाई गिलाव्याला येत होती. पन्नाशीची, काटक, बोलायला कमी. गवंडी मोठ्या कामावर वाळूजला पळाला, ही एकटी राहिली. शहराच्या अलीकडं माळावर नवी वस्ती झाली होती, तिथून ती सकाळच्या बसनं येई. कधी मोर्चा असला की बस अडायची आणि ती दोन कोस चालत यायची. त्या काळात मोर्चे फार निघत. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्याला दहा वर्षं झाली होती. नाव अजून मिळालं नव्हतं आणि भिंती घोषणांनी रंगल्या होत्या.

भामाबाईच्या तळहाताला जादू होती. चिखल, शेण, भुसा ती असा काही मळायची आणि भिंतीवर असा हात फिरवायची की भिंतीला कातडी आल्यासारखी दिसे. बानाबाई तिच्या हाताखाली पाणी ओतायला उभी राहायची.

“मावशी, तुमचं गाव कोनचं?” तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“हाय तिकडं. गोदेकडं.”

“आमचा तळ असायचा तिकडं दरसाल. कोनचं पर?”

“नाव घेत नाय मी त्याचं.” भामाबाईचा हात थांबला नाही. “आमची घरं गावाबाहीर. दोन वड हायेत, एकात एक गुतलेले. त्याच्या पलीकडं. आता काय नाय तिथं. जाळलं समदं, त्या दंगलीत.”

बानाबाईला ते वड माहीत होते. पण ती बोलली नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा तिला वाटलं नाही.

पाडव्याला रीतसर घरभरणी करायची ठरली. तीन दिवस आधी, भामाबाईच्या सुट्टीच्या दिवशी, बद्रीनाथ सुतार आला. त्यानं फळ्यांची भिंत बघितली, हसला, आणि दाराच्या रिकाम्या जागेपाशी उकिडवा बसला.

“वैनी, चौकट ह्या खोक्याच्या लाकडाची व्हनार नाय. वाळवीनं दोन सालात पीठ करीन. सागवान पाहिजे, नायतर जुनी बाभळ.”

बानाबाईचं तोंड उतरलं. तेव्हा आप्पा खाटेवरून म्हणाला, “माझ्यापशी हाय चौकट.”

ती चौकट सगळ्यांना ठाऊक होती, पण चौकट म्हणून कुणाच्या ध्यानात नव्हती. कोकरांच्या कोंडवाड्याला ती दाराच्या जागी उभी असायची. तळ हलला की आप्पा खुंट्या ठोकून काढायचा, चार लाकडं घोड्यावर लादायचा आणि पुढच्या तळावर पुन्हा जोडायचा. एका अंगानं काळी पडलेली, दोन्ही खांब लोकरीच्या तेलानं गुळगुळीत झालेले. दहा वर्षांची सगळी कोकरं तिच्यातून आत-बाहेर गेली होती. बानाबाईनं कित्येकदा तिला टेकून आजारी कोकराला बोटानं दूध चाटवलं होतं.

बद्रीनाथनं लाकूड ठोकून बघितलं. “सागवान हाय. कुठं घावलं, आप्पा?”

“घावलं.”

“पर हे उलटं जोडू ऱ्हायले व्हते का तुमी?” त्यानं खालची पट्टी उचलली. “हिला दोन्ही टोकांना बाहीर आलेले कान हायेत बघा. कान वरच्या पट्टीला असत्यात. तुमी हिचा उंबरा केला. कोकरं नाचली हिच्यावर इतकी सालं.”

आप्पानं विडी पेटवली.

बद्रीनाथ रंधा मारायला बसला. काळं निघालं, खालून तांबूस लाकूड उघडं झालं. मग त्यानं कानांची पट्टी घेतली, जमिनीकडच्या बाजूचा वाळलेला चिखल पटाशीनं खरवडला, आणि त्याचा हात थांबला.

“वैनी, इकडं या.”

पट्टीच्या मधोमध एक चाक कोरलेलं होतं. हात कसबी नव्हता. एक आरा जाड, एक बारीक, पण मन लावून कोरलेलं. दहा वर्षं ते मातीकडं तोंड करून पडलं होतं म्हणून टिकलं होतं.

“हे त्याहीचं चाक हाय,” बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाला. “बुद्धाचं. हे कुनाच्या तरी घरचं लाकूड हाय, आन ते घर जळालेलं हाय. बघा, ह्या कडंला कोळसा.”

बानाबाईनं सासऱ्याकडं पाहिलं. “आप्पा, कोनत्या तळावर घावलं?”

आप्पानं दुसरी विडी पेटवली. मग म्हणाला, “गोदेकाठी. वडापशी.”

“गुतलेल्या?”

“व्हय.” त्यानं विडी विझवली. “ती मानसं उठून गेलती. चुली थंड. एक कुत्रं सुदिक नवतं. चौकट नुसती उभी, मागं भिंतच नाय. आपली रीत हाय ना, बाई. तळ सोडून गेलेल्यानं जे मागं ठिवलं, ते पुढं येनाऱ्याचं. आपुन नाय का चुलीचे दगडं ठिवत, जळन ठिवत? मला वाटलं, ठिवून गेली.”

रीत होती, खोटं नव्हतं. सगळे मेंढके ती पाळत. बानाबाईनं स्वतः अनोळखी माणसांनी ठेवलेल्या दगडांवर भाकरी भाजल्या होत्या आणि त्यांना दुवा दिला होता. पण तिला कळून चुकलं होतं की वडापलीकडं राहणारी एक बाई उद्या सकाळच्या बसनं इथं येणार आहे.

“दोन हात रंध्याचे मारले की साफ व्हतं,” बद्रीनाथ म्हणाला. “नायतर असं करू. चाक आतल्या अंगाला घेतो, त्याच्यावरून गिलावा चढंल. मातीखाली काय हाय ते कोन बघतंय? तुमच्या घरी पाप नको म्हनून सांगू ऱ्हायलो. नायतर हे ऱ्हाऊ द्या. पर दुसरं लाकूड पाडव्याच्या आत मिळायचं नाय.”

तेवढ्यात त्रिंबक आला. त्यानं सगळं ऐकलं आणि बायकोकडं बघत राहिला. चार महिने ती ज्यासाठी झुरत होती ते त्याला दिसत होतं. “तू म्हनशील तसं,” तो म्हणाला, आणि सगळं ओझं तिच्यावर टाकून मोकळा झाला.

“आतून घ्या,” बानाबाई म्हणाली.

चौकट बसली. हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला. दिवस मावळायच्या आत बानाबाईनं पाटीभर ओला चिखल घेतला, पेटीवर उभी राहिली आणि स्वतःच्या बोटानं चाकाच्या एकेका खाचेत माती भरली. एक, दोन, तीन. ती मेंढरं मोजते तशी मोजत गेली. तेवीस भरल्या. मग वरून हात फिरवला. आता ते नुसतं खडबडीत लाकूड दिसत होतं. तिनं हात धुतले, पुन्हा धुतले. नखातली माती निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. फळ्यांना डिंक सुटला. भामाबाई दाराची भिंत आतून लिंपत होती. कोपऱ्यापासून सुरुवात करून ती दाराकडं सरकत होती आणि बानाबाई पाणी ओतत होती. त्या वासात तिला पुन्हा मेंढरं दिसू लागली. पण आज ती झाडांखालून गेली नाहीत. ती सगळी चौकटीपाशी आली आणि खोळंबली. लाल्या, कानतुटी, शेवंता. माना खाली घालून उंबऱ्याकडं बघत उभी. एकही आत यायला तयार नव्हतं.

“चौकट जुनी घेतली व्हय?” भामाबाईनं विचारलं. “चांगली हाय. सागाची दिसती. दाराला जीव पाहिजे. आमच्या मालकाला लई हौस व्हती. कर्ज काढून सागवान आनलं त्याहीनं. लोक म्हनले, झोपडीला सागवान कशापाय? ते म्हनले, झोपडी पडंल, चौकट ऱ्हाईल.”

ती दारापाशी पोचली. टाचा उंचावून तिनं चिखलाचा गोळा उचलला. तळहातावर थापटला. हात वर गेला.

“थांबा मावशी.”

“काय झालं?”

बानाबाईनं कळशी उचलली आणि पट्टीवर पाणी ओतलं. पाणी भामाबाईच्या हातांवरून, कोपरांवरून खाली वाहिलं. “हात लावून बघा,” ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं.

भामाबाईनं हातातला गोळा पाटीत टाकला. पट्टीवर बोटं ठेवली. बोटं चालली, थांबली, पुन्हा मागं आली. तिनं डोळे मिटले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एक पूर्ण फेरा झाल्यावर ती म्हणाली, “तेवीस.”

मग पुन्हा म्हणाली, “तेवीस हायेत. चोवीस पाहिजे व्हते. एका बाजूनं सुरुवात केली त्याहीनं, जागाच पुरली नाय. मी हसले व्हते. म्हनले, शिकलेला मानूस, तुमाला मोजता येत नाय.” तिनं हात काढला नाही. “कुठं घावली ही?”

त्रिंबक कामावर होता. खाटेवरून आप्पा उठला आणि काठी न घेता दारापर्यंत आला. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

“म्या आनली, बाई. वडापसून. मला वाटलं, तुमी तळ सोडला. आमची रीत हाय, ठिवून गेलेलं पुढच्याचं.”

भामाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर आप्पाला सोपं गेलं असतं.

“आमी तळ सोडला नवता, आप्पा. आमाला हाकललं व्हतं. तुमी कुठं व्हते तवा?”

“टेकाडावर,” आप्पा म्हणाला. “मेंढरं घेऊन.”

“धूर दिसला?”

“दिसला.”

“मानसं वरडताना ऐकू आली?”

आप्पाची मान हलली. हो की नाही ते सांगता येणार नाही अशी हलली. मग तो म्हणाला, “आली. म्या मेंढरं फिरवली. पलीकडं नेली. आठ दिसांनी आलो तवा चौकट व्हती.” इतक्या वर्षांत हे त्यानं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पागोटं त्याच्या हातून खाली पडलं आणि त्याला वाकून उचलता येईना. बानाबाईनं ते उचललं नाही. तिला सासऱ्याची कीव आली आणि लाजही वाटली, आणि दोन्ही एकदम आली म्हणून ती जागची हलली नाही.

“मावशी, ही तुमची हाय,” ती म्हणाली. “न्या.”

“घर तर तुमचं बिनदाराचं ऱ्हाईल. पाडवा आलाय.”

“ऱ्हाऊ द्या.”

दार बानाबाईला खरोखर हवं होतं. ते देताना आपण फार मोठं काही करतोय असं तिला वाटलं नाही; फक्त काहीतरी तुटून गेल्यासारखं वाटलं. भामाबाईनं नको-नको म्हटलं नाही. तिनं कळशीत उरलेल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “सुताराला बोलवा.”

बद्रीनाथ कुरकुरत आला. नवी बसवलेली चौकट उपटायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. खुंट्या निघाल्या, भिंतीचा ओला लेप ढासळला. त्रिंबक कामावरून आला तेव्हा दाराच्या जागी नुसतं भगदाड होतं आणि बायको त्यात घोंगडी बांधत होती. त्यानं सायकल टेकवली आणि शेजारच्या मळ्यातून बैलगाडी मागून आणली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, गाडी निघाली. चार लाकडं, हाकायला त्रिंबक, एक सुतार, आणि मागं चालत तीन माणसं. आप्पाला कुणी ये म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. तो गाडीत बसला नाही. कंपनीच्या बसगाड्या धूळ उडवत शेजारून जात होत्या आणि खिडक्यांतली माणसं वाकून बघत होती.

वस्ती उघड्या माळावर होती. भामाबाईची जागा म्हणजे दगडांनी आखलेला चौकोन, सहा पावलं रुंद, आठ पावलं लांब. एका कोपऱ्यात पत्र्याचं खोपटं, त्यात ती राहत होती. बाकी सगळं आभाळ. बद्रीनाथनं चौकट जोडली. यावेळी कान वर, उंबरा खाली, चाक बाहेरच्या अंगाला.

“भिंत कधी बांधनार?” त्यानं विचारलं.

“जवा जमंल तवा.”

“मग ही उभी कशी ऱ्हाईल? आडवी ठिवू.”

“आडवी नाय,” भामाबाई म्हणाली. “दहा सालं उलटी व्हती. उभी करा.”

त्रिंबक पुढं झाला, पण त्याच्या आधी आप्पानं एका खांबाला हात घातला. म्हातारा त्या खांबाला खांदा लावून उभा राहिला. बद्रीनाथ टेकू शोधायला वस्तीत गेला आणि त्रिंबक त्याच्याबरोबर. चौकट माळावर एकटीच उभी होती. तिच्यातून लांबचे निळसर डोंगर दिसत होते, त्यांच्यावर तरंगणारी धूळ दिसत होती. ऊन अजून कोवळं होतं.

भामाबाईनं पायातल्या चपला काढल्या. उंबऱ्याला हात लावून तो डोक्याला लावला. उजवा पाय उचलून ती आत गेली. आत म्हणजे तोच माळ, तेच दगड. पण ती आत गेली हे बानाबाईला स्पष्ट दिसलं. ती चालताना वाकली, जिथं चूल असावी तिथं वळसा घातला, एका ठिकाणी थांबून कुणाच्या तरी अंगावरचं पांघरूण सारखं केल्यासारखा हात फिरवला. मग परत आली आणि उंबऱ्यावर बसली, बाहेर तोंड करून. ऊन चढू लागलं. खांब आप्पाच्या खांद्यावर रेलला होता आणि घाम कानामागून मानेत उतरत होता.

बानाबाई आधार द्यायला निघाली. भामाबाईनं तिच्याकडं न बघताच हात आडवा केला. बानाबाई तिथंच थांबली.

“बाई,” आप्पा म्हणाला, “सोडू का?”

भामाबाईनं मान वर करून पट्टीकडं पाहिलं.

“अजून नाय,” ती म्हणाली.

आप्पानं खांदा बदलला आणि चौकट धरून उभा राहिला.